शार्लट्सव्हिलच्या मुलांचा संवाद: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायलाही घेतलं, पण रागाच्या भरात काही पाठवू नये म्हणून ठेवून दिलं. बरं झालं, कारण दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातलं अर्धं मला पटलंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरातल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या 'सस्टेन्ड डायलॉग'बद्दल लिहिलं होतं. वेगवेगळ्या वंशाची दहा-पंधरा मुलं वर्षभर ठरवून भेटतात, मॉडरेटरही विद्यार्थीच. त्यावर तुमचं म्हणणं असं की पोरांनी पिझ्झा खात गप्पा मारल्या म्हणून वर्णद्वेष जात नसतो, जात असता तर 2001 पासून संवाद चालू असलेल्या त्याच कॅम्पसवर 2017 साली मशाली घेऊन गोरे वर्चस्ववादी आले नसते. आणि शेवटी विचारलंत, अमेरिकेतला काळा-गोरा भेद दिसतो, घरातली जात दिसत नाही का?

आधी मशालींचं. तुम्ही 2017 चं सांगितलंत, मी त्याआधीचंही सांगते: संवाद सुरू होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि फेब्रुवारी 2003 मध्ये तिथे स्टुडंट कौन्सिलच्या अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या मुलीवर रात्री हल्ला झाला, वंशावरून शिवी देत. आणि 11 ऑगस्ट 2017 ला शेकडो लोक मशाली पेटवून रोटुंडापर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या घुमटाच्या इमारतीपर्यंत, चालत आले ते 'बाहेरचे' होते असं म्हणून मी हात झटकणार नाही, कारण त्यांचे दोन म्होरके, रिचर्ड स्पेन्सर आणि जेसन केसलर, ह्याच विद्यापीठात शिकलेले. विद्यापीठाचा संस्थापक जेफरसन, त्याच्या पुतळ्याभोवती विरोध करणारे वीस-तीस जण, बरेचसे विद्यार्थीच, हातात हात गुंफून उभे होते आणि चारी बाजूंनी मशाली. दुसऱ्या दिवशी शहरात त्यांच्यातल्या एकाने विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत गाडी घातली, त्यात हेदर हायर नावाची बाई गेली. हे संवादाने थांबलं नाही आणि थांबणारही नव्हतं. तिथे पोलीस लागतात, कोर्ट लागतं, 2021 मध्ये ज्यूरीने त्या आयोजकांना अडीच कोटी डॉलरच्या वर भरपाई ठोठावली ती काही संवादगटाने ठोठावली नाही.

पण 'गप्पा' हा शब्द मला मान्य नाही. ही पद्धत आली कुठून ते बघा. हॅरॉल्ड साँडर्स नावाचा अमेरिकन मुत्सद्दी, इजिप्त-इस्रायलच्या कॅम्प डेव्हिड करारावर काम केलेला, त्याने 1993 पासून ताजिकिस्तानच्या यादवीत एकमेकांकडे बघायलाही तयार नसलेल्या माणसांना एका टेबलाशी बसवलं, परत परत बसवलं. 1999 मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी तीच पद्धत कॅम्पसवर आणली आणि 2001 मध्ये व्हर्जिनियात ती सुरू केली प्रिया पार्करने, आई भारतीय आणि वडील गोरे अमेरिकन असलेल्या विद्यार्थिनीने. पाच टप्पे असतात. पहिला टप्पा फक्त यायचं की नाही हे ठरवण्याचा! आणि पाचवा कृतीचा. तो गाळला तर उरतात त्या गप्पाच, तिथे तुमचं बरोबर आहे.

मी अशा गटात बसलेय, दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत. पहिले तीन-चार आठवडे सगळे अगदी गोड बोलत होते, मला तर वाटलं सोडून द्यावं. मग एका संध्याकाळी एक काळा मुलगा, इंजिनीअरिंगचा, आवाज न चढवता म्हणाला की ह्या महिन्यात लायब्ररीच्या दारात मला चौथ्यांदा आयडी मागितला. मी त्याच दारातून दोन वर्षं जात होते, कधी रात्री एक वाजता, डोक्यावर हुडी ओढून, मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. समोरची एक गोरी मुलगी म्हणाली, "गार्डला फक्त सेफ्टीची काळजी असेल." त्यावर तो काहीच बोलला नाही, त्याने बॅग उचलली आणि गेला. मला वाटलं संपलं. पुढच्या आठवड्यात तो आला, आणि ती पण आली, वहीत लिहून आणलेलं घेऊन. ती रोज रात्री दाराजवळ बसून कुणाला विचारतात ते मोजत होती. मग आम्ही सगळ्यांनी पाळ्या लावून दोन आठवडे मोजलं, तो कागद लायब्ररीच्या प्रमुखांकडे नेला, दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा ऐकून घेतलं. आता तिथे सगळ्यांनाच कार्ड स्वाइप करावं लागतं. एवढंसंच झालं, मान्य. पण मोर्चात मी त्या मुलीला कधी भेटले नसते आणि ती त्या दाराशी कधी बसली नसती.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मीच लिहिते, कारण ती मला जास्त टोचते. अशा गटात काळ्या मुलांना दर वेळी आपली जखम उघडून दाखवावी लागते आणि बाकीचे त्यातून शिकतात. तो मुलगा मला नंतर म्हणालासुद्धा, मी थकतो. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चांगला मॉडरेटर गोऱ्या मुलांना आधी बोलतं करतो, पण सगळे तसे नसतात.

आता जात. तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. अमेरिकेतला काळ्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकमेकांना अनोळखी नाहीत, बाबासाहेबांनी 1946 मध्ये काळे अमेरिकन विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने पँथर नाव घेतलं ते कुठून आलं हे आपल्याला माहीत आहे. आमच्या गटात मला कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे तू कोण? मी म्हटलं, मिडल क्लास. शेजारी नागपूरची एक मुलगी बसली होती, तिने मान खाली घालून प्लेटमधला नॅपकिन बारीक बारीक फाडायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी ती बोलली. पुण्यात रूम शोधताना फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिटसुद्धा, मग आडनाव विचारायचे आणि रूम "कालच गेली" असायची. अकरा फोन केले होते तिने.

आमचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने असतो. बाबा फोन उचलतात तेव्हा पहिला प्रश्न आडनावाचाच असतो, मी लहानपणापासून ऐकतेय आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. लायब्ररीच्या दारात तो गार्ड उभा असतो ना, तसे आमचे बाबा फोनवर उभे होते आणि मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते.

तेव्हा हो, घरातली जात दिसली, पण ती दिसायला मला सातासमुद्रापार जाऊन त्या टेबलाशी बसावं लागलं ह्याची लाज वाटते. घरी बोलले. बाबा म्हणाले, "अगं, सगळेच विचारतात." दुसऱ्यांदा बोलले तर फोन आईकडे दिला. आत्ताचे भाडेकरू डिसेंबरमध्ये जातायत आणि मी तेव्हा पुण्यात आहे. ह्या वेळी जाहिरातीवर माझा नंबर द्या म्हणून सांगितलंय, बाबा अजून हो म्हणालेले नाहीत, रविवारी परत विचारणार आहे.