पाय नसलेल्या माणसाची बाजू

गेल्या मंगळवारपासून माझ्या मनात एक राग घर करून बसला आहे, आणि तो इतका किरकोळ आहे की कुणाला सांगायला गेलो तर आपलीच लाज वाटावी. म्हणून लिहून काढतो आहे.

माझा उजवा पाय गुडघ्याखालून नाही. तो कसा गेला ही कहाणी मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती सांगताना मलाच जांभई येते, तेव्हा ती सोडून देऊ. कृत्रिम पाय लावून मी चालतो आणि बरा चालतो. फक्त लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. उजव्या पायाचा उरलेला खुंट सकाळी जेवढा असतो तेवढा दुपारी राहत नाही. सॉकेटमधल्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत तो बसतो तिथल्या, दाबामुळे तो दिवसभरात थोडा आक्रसतो, आत खुळखुळू लागतो, आणि मग जिथे असू तिथे बसून, कृत्रिम पाय काढून, खुंटावर आणखी एक मोजा चढवावा लागतो.

मंगळवारी एका कार्यालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टसमोरच्या बाकावर बसून मी हेच करत होतो. पाय बुटासकट शेजारी ठेवला होता. तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि बाकावर जागा नाही असे पाहून त्यांनी विचारले, "हा कुणाचा आहे?"

"माझाच आहे," मी म्हणालो. "सरकवतो."

ते बसले. काही वेळ त्यांनी मोजा चढवण्याचे काम तज्ज्ञाच्या नजरेने पाहिले आणि मग विचारले, "रात्री चार्ज करावा लागतो का?" मी नाही म्हटल्यावर त्यांना जरा कमीपणा वाटल्यासारखे दिसले, माझ्या वतीने. "पण तुमचं एक बरं आहे," ते पुढे म्हणाले, "माझे दोन्ही गुडघे दुखतात." गुडघे मलाही दोन आहेत आणि तेही दुखतात, असे मी नम्रपणे सांगितले. "म्हणजे फायदा काहीच नाही," ते हळहळले.

यावर उपाय म्हणून त्यांनी मला कृतज्ञता सुचवली. रोज रात्री वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या, माणूस आतून बदलतो. आता यात खोटे काहीच नाही, हीच माझी अडचण आहे. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली अशा नोंदींचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यांतल्या एका प्रयोगात स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजाराने ग्रासलेल्या माणसांनी २१ दिवस रोज नोंदी ठेवल्या होत्या, आणि त्यांना खरोखरच बरे वाटले होते. ते वाचून मीही वही घातली होती. पहिल्या दिवशी मी लिहिले, "आज जिना नव्हता." दुसऱ्या दिवशी, "जिना होता, पण कठडा दोन्ही बाजूंना होता." सहाव्या दिवशी, "उतार प्रमाणात होता. एक फूट उंचीला बारा फूट लांबी भरली." दुसरा आठवडा संपेपर्यंत त्या वहीला बांधकाम निरीक्षकाच्या अहवालाचे रूप आले, आणि शेवटच्या पानावर तर मी केवळ नादुरुस्त लिफ्टची नोंद करून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

एक नोंद मात्र मी अजून अधूनमधून काढून पाहतो. कुबड्या घेतल्या की दोन्ही हात गुंततात, त्यामुळे पाण्याने भरलेला पेला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. उभ्याउभ्याच प्यावे लागते. कृत्रिम पाय लावून मी पहिल्यांदा काठोकाठ भरलेला पेला न सांडता टेबलापर्यंत नेला, तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिलो होतो. पाणी प्यालो नाही. मला तहान लागलेली नव्हती.

हे मी त्या गृहस्थांना सांगणार होतो, पण ते तोवर लॉटरीवर पोहोचले होते. लॉटरी लागलेला माणूस आणि अपघातात अपंग झालेला माणूस वर्षभराने सारखेच आनंदी असतात, हे म्हणे विज्ञानाने सिद्ध केले आहे. तो अभ्यास ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९७८ सालचा. अपघाताने लुळे पडलेले २९ जण त्यात होते. ते लोकांना वाटते तितके दुःखी निघाले नाहीत हे खरे, पण इतरांपेक्षा कमी आनंदी निघाले हेही त्यातच छापलेले आहे. ते दुसरे वाक्य कुणी सांगत नाही. पहिले जे सांगतात त्यांना लॉटरी लागलेली नसते आणि त्यांचे दोन्ही पाय शाबूत असतात.

"एक गोष्ट सांगतो," गृहस्थ सरसावून बसले. "एक माणूस होता. त्याच्या पायात बूट नव्हते. दिवसभर नशिबाला बोल लावायचा. आणि मग एके दिवशी त्याला असा एक माणूस दिसला, की ज्याला..."

येथे त्यांची नजर बाकावरच्या बुटावर गेली, बुटावरून पायावर आणि पायावरून माझ्यावर आली.

"की ज्याला?" मी विचारले. त्यांची सुटका करणे माझ्या हातात होते, पण मी केली नाही.

"ज्याला बूट..." त्यांनी आवंढा गिळला, "बूट लागत होते. लागत म्हणजे, चावत होते. फार घट्ट होते."

"मग?"

"मग काय, पहिल्याला वाटलं, बरं झालं आपल्याला नाहीत."

ही गोष्ट मुळात सादी या फारसी कवीची. १२५८ सालच्या 'गुलिस्तान'मध्ये ती आहे. बूट घ्यायला पैसे नाहीत म्हणून खिन्न झालेला कवी कूफाच्या मशिदीत जातो, तिथे पाय नसलेला माणूस पाहतो आणि देवाचे आभार मानतो. साडेसातशे वर्षांहून अधिक काळ ती सांगितली जाते आहे, पण त्या दुसऱ्या माणसाचे काय झाले याची चौकशी मी कुणाला करताना ऐकले नाही. तो बिचारा आपल्या कामाला आला असेल. छप्पर गळत असेल, मुलगी आजारी असेल. आणि समोर एक अनवाणी अनोळखी इसम आपल्या मांड्यांकडे टक लावून पाहतो आहे, आणि बघता बघता त्याचा चेहरा उजळत चालला आहे!

मी पाय चढवून उभा राहिलो तेवढ्यात लिफ्ट आली. "आधी यांना जाऊ द्या!" गृहस्थ गरजले. सगळ्यांनी अदबीने वाट दिली, मी पहिला आत गेलो, आणि त्यामुळे अगदी मागच्या भिंतीशी जाऊन टेकलो. मग सगळे आत आले, सर्वांत शेवटी गृहस्थ आले, आणि वजन जास्त झाल्याची घंटा वाजली. सगळ्यांनी गृहस्थांकडे पाहिले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही मागून निवांत या," ते म्हणाले. "तुम्हाला कसली घाई?"

मला बाहेर पडता यावे म्हणून पाच माणसे लिफ्टबाहेर आली आणि मी उतरल्यावर पाचही पुन्हा आत गेली. मी का उतरलो, हे मला आठवडा उलटला तरी उमगलेले नाही. "नाही उतरत" म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण त्या पाचांच्या चेहऱ्यांवर इतकी माया होती की मी स्वतःच "असू द्या, असू द्या" म्हणत बाहेर आलो. दार बंद झाल्यावर उजव्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली. तो अंगठा अस्तित्वात नाही. या भासाला १८७१ साली वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी नाव दिले. खाजवायचे कुठे, ते मात्र अद्याप कुणी सांगितलेले नाही.

मी वर पोहोचलो तेव्हा गृहस्थ रांगेत माझ्या चार नंबर पुढे बसले होते आणि शेजारच्या बाईंना काही तरी सांगत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. "आत्ताच खाली भेटला हो," ते म्हणत होते, "डावा पाय नाही. पण चेहऱ्यावर काय हसू! मला म्हणाला, काका, मला कशाची घाईच नाही."

मी पुढे होऊन त्यांना एवढेच सांगितले की, पाय उजवा आहे.