‘त्रयस्थ’ यांच्या तीन वाक्यांना उत्तर

वेगळं राहणाऱ्या आईबाबांनी भेटीसाठी मूल एकमेकांकडे कसं सोपवावं, बागेच्या फाटकाशी वगैरे, यावरच्या ‘आठवड्याच्या भेटी भांडणाशिवाय’ या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन वाक्यं टाकलीत. ‘पोटच्या पोराचं पार्सल करायचं आणि वर त्याचे नियम लिहायचे, कमाल आहे.’ ‘नवरा मारहाण करणारा असेल तर बागेच्या फाटकाशी मूल सोपवणं धोक्याचं आहे.’ आणि ‘कायदा चुकीचा सांगितलाय.’

कायद्याचं मान्य. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच, असं मी ठोकून दिलं होतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘सामान्यतः’ आहे. दुरुस्ती केलीय.

पण ‘पार्सल’? टोपणनावाआडून असले शब्द भिरकावणं सोपं असतं. तुम्ही कधी शनिवारी रात्री अशी पिशवी भरलीय? दम्याचा पंप, गणिताची वही, चड्डीचा जास्तीचा जोड, आणि ‘ते नको, बाबांकडे आहे’ हे चारदा ऐकणं.

पहिलं वर्षभर आम्ही जिन्यातच मूल सोपवायचो. समोरचं दार किलकिलं व्हायचं, फीचा विषय निघायचा, आवाज चढायचे. माझा मुलगा पायरीवर बसून एकच बूट घालायचा, काढायचा, परत घालायचा. शेवटी कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी झापलं : जागा चारचौघांतली घ्या, वेळ ठरलेली, पैशाचं बोलणं मेसेजवर. तेव्हापासून फाटक. त्याचे बाबा स्कूटरवरून उतरत नाहीत, हेल्मेटही काढत नाहीत. आधी मला तो माज वाटायचा. आता वाटतं, बरंय, आम्हाला एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत. मुलगा हेल्मेटच्या काचेवर टकटक करतो, काच वर जाते, की हा मागे चढून बसलाच. पार्सल टकटक करतं का हो?

राहिलं मारहाणीचं. तिथे फाटक नकोच, हे सांगायला का हवं? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली, मुलाला अपाय होईल असं वाटलं तर दंडाधिकाऱ्यांनी भेट नाकारायचीच असते. न्यायालयाच्या आवारात, देखरेखीखालची भेटही मागता येते. दर ओळीला अपवाद जोडत बसले तर लेखाचा दावाअर्ज होईल. लिहायला हवं होतं म्हणता? असेल. पण ते नीट शब्दांत सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी घातलं असतं.

उद्या रविवार. सहाला मी फाटकाशी असेन. आणखी काही टाकायचं असेल तर टाका, सोमवारी बघते.