‘रूल ऑफ थंब’ आणि बायकोला मारायची काठी

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यातला दावा असा: इंग्लंडच्या जुन्या कायद्यात नवऱ्याला बायकोला मारायची मुभा होती, अट एवढीच की काठी त्याच्या अंगठ्यापेक्षा जाड नको. ‘रूल ऑफ थंब’ (शब्दशः अंगठ्याचा नियम, म्हणजे ढोबळ आडाखा) हा वाक्प्रचार त्या कायद्यातून आला, तेव्हा सुसंस्कृत माणसाने तो तोंडी आणू नये. बायकांना मार खावा लागत होता आणि न्यायालयं तिकडे काणाडोळा करत होती, हे खरंच आहे. म्हणूनच त्याबद्दल जे सांगायचं तेही खरं असलं पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

‘असा कायदा होता.’ नव्हता. विल्यम ब्लॅकस्टोन यांचा इंग्रजी कायद्यावरचा प्रमाणग्रंथ १७६५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. जुन्या कायद्यात नवऱ्याला बायकोला ‘माफक’ शिक्षा करता येत असे, असं त्यात आहे. पण दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, या अधिकाराबद्दल शंका घेतली जाऊ लागली आणि आता बायकोला नवऱ्यापासून संरक्षण मागता येतं, असंही त्यात आहे. खालच्या थरातले लोक अजून हा हक्क गाजवतात, हेही ते नोंदवतात. काठीच्या जाडीबद्दल किंवा अंगठ्याबद्दल तिथे अक्षर नाही.

‘न्यायमूर्ती बुलर यांनी १७८२ मध्ये तसा निकाल दिला.’ फ्रान्सिस बुलर असं काही बोलल्याची वदंता त्या वर्षी पसरली होती खरी. नोव्हेंबरात जेम्स गिलरे यांनी त्यांचं व्यंगचित्र काढलं, ‘जज थंब’ या नावाने. न्यायाधीशाच्या झग्यातले बुलर काठ्यांचे भारे विकायला निघालेत आणि मागे एक नवरा बायकोला बडवतोय. चित्र गाजलं, नाव कायमचं चिकटलं. निकाल मात्र सापडत नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांची चरित्रं लिहिणारे एडवर्ड फॉस यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलंय की कसून शोध घेऊनही ठोस पुरावा मिळाला नाही. आणि एक विचार करा: काठीचा हा नियम सर्वमान्य असता, तर तो नुसता बोलून दाखवल्याबद्दल एका न्यायाधीशाची एवढी छी-थू झाली असती का?

‘अमेरिकेतल्या न्यायालयांनी हा नियम लागू केला.’ इथे थोडं थांबावं लागेल, कारण या विधानात सत्याचा अंश आहे. नॉर्थ कॅरोलायनात १८६८ मध्ये ऱ्होड्स नावाच्या माणसाचा खटला चालला. त्याने बायकोला छडीचे तीन फटके मारले होते. छडी बोटाएवढी जाड होती, अंगठ्याहून बारीक. खालच्या न्यायाधीशाने खरोखरच अंगठ्याचा दाखला देऊन त्याला सोडलं. वरिष्ठ न्यायालयाने हे माप नाकारलं, पण सुटका कायम ठेवली. कारण काय दिलं? इजा गंभीर नसेल तर घरातल्या भांडणात न्यायालयाने पडू नये. पुढे १८७४ मध्ये, ऑलिव्हर खटल्यात, त्याच न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अंगठ्याएवढ्या छडीने मारण्याचा हक्क हा आमचा कायदा नाही. नवऱ्याची शिक्षा कायम झाली. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं की कायमची इजा, क्रौर्य किंवा जिवावर बेतणारी मारहाण नसेल, तर पडदा ओढून घ्यावा, लोकांच्या नजरा बाहेर ठेवाव्यात आणि दोघांना विसरू द्यावं, माफ करू द्यावं.

मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात भयंकर वाटतो तो हा पडदा. काठीचं माप निदान मोजता तरी आलं असतं. पडद्याआड काय चाललंय हे कोण मोजणार? आणि यातल्या एकाही निकालात ‘रूल ऑफ थंब’ हे शब्द नाहीत.

‘वाक्प्रचार या कायद्यातून आला.’ तारखाच जुळत नाहीत. तलवारबाजीवर लिहिणाऱ्या सर विल्यम होप यांच्या १६९२ च्या पुस्तकात तो आहे. तिथे अर्थ असा की हा माणूस जे करतो ते अंदाजाने, शास्त्र शिकून नव्हे. १७२१ मध्ये जेम्स केली यांच्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहातही तो येतो: अंगठ्याच्या नियमासारखा नियम नाही, पण तो लागू पडला तर. बुलर यांचा जन्मही तोवर झालेला नव्हता. या जुन्या वापरात बायको नाही, काठी नाही, मार नाही. अंगठा हे मोजायचं साधन होतं. फ्रेंच आणि डच भाषांत इंच आणि अंगठा यांना आजही एकच शब्द आहे.

सुरुवातीला या शब्दांत थोडी हेटाळणी होती. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यांतल्या कामाबद्दल लिहिलं तेव्हाही ती होती. अंगठ्याचे ठोकताळे काढून टाकून तिथे शास्त्र आणायचं, हाच त्यांचा कार्यक्रम होता. आज आपल्याकडे इंजिनिअर किंवा गुंतवणूक सल्लागार ‘थंब रूल’ म्हणतो तेव्हा त्यात कमीपणा उरलेला नाही. अनुभवाने घासूनपुसून तयार झालेला भरवशाचा आडाखा, असा त्याचा अर्थ झालाय.

मग या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या? १९७६ मध्ये डेल मार्टिन या अमेरिकन कार्यकर्तीने मारहाण सोसणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. अंगठ्याएवढ्या छडीचा उल्लेख करून त्यांनी त्याला जाता जाता ‘रूल ऑफ थंब म्हणा ना’ अशी शब्दांची जोड दिली. वाचणाऱ्यांनी ती व्युत्पत्ती समजली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाणग्रस्त बायकांवरच्या अहवालाच्या शीर्षकातच हे शब्द घातले, आणि समजुतीला सरकारी शिक्का मिळाला.

‘हेतू चांगला आहे, मग तपशील चुकला तर काय बिघडलं?’ बिघडतं. अशी एक गोष्ट खोटी ठरली की बायकांच्या बाकीच्या तक्रारीही अतिशयोक्त आहेत म्हणणाऱ्याच्या हाती कोलीत मिळतं. शिवाय खऱ्या गोष्टी मागे पडतात, आणि त्यातली एक तर मुंबईची आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं होतं. त्यांनी नांदायला नकार दिला म्हणून नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. बायकोला कोर्टाच्या हुकमाने नांदायला लावण्याच्या ज्या उपायाच्या जोरावर तो गेला, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आलेला होता. इंग्लंडने १८८४ मध्ये अशा नकारासाठीचा तुरुंगवास रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये रखमाबाईंना सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. महिला दिनाला पुढे पाठवायला ही हकीकत आहे, आणि तिची कागदपत्रंही आहेत.