रांगेवरून कपकेक कळत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जवळच्या त्या गाजलेल्या बेकरीच्या कपकेकला मी ‘दिसायला देखणा, खायला कोरडा’ म्हटलं आणि ते तुम्हाला चांगलंच लागलं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चव ज्याची त्याची, तिथे बरं-वाईट ठरवणारी मी कोण? दारात रोज रांग लागते, ती सगळी माणसं वेडी आहेत का? त्यांचा प्रसिद्ध सॉल्टेड कॅरमल सोडून मी साध्या व्हॅनिलावरून निकाल दिला. शिवाय मी बहुधा फ्रीजमधला शिळा कपकेक खाऊन नाक मुरडलं असणार. आणि जाता जाता, ‘एवढं कळतं तर स्वतः करून दाखवा.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर आटपतो. खाणाऱ्याला पदार्थ करता आलाच पाहिजे अशी अट घातली, तर कौतुक करायचा हक्कही फार थोड्यांना उरेल. तुम्ही त्या बेकरीची तोंडभरून स्तुती केलीत, तेव्हा तुमच्या ओव्हनची चौकशी कुणी केली नव्हती.

आता ‘चव ज्याची त्याची’. अर्धं मान्य. चॉकलेट आवडावं की लिंबू, गोड किती हवं, वर आयसिंगचा डोंगर हवा की पातळ थर, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. पण केक कोरडा होता हे आवडीनिवडीबद्दलचं वाक्य नाही. तो करणाऱ्याच्या हाताबद्दलचं आहे, आणि तो हात कुठे चुकला हे केक स्वतःच सांगतो.

कपकेक मधोमध उभा फोडा आणि जाळी बघा. बारीक आणि सगळीकडे सारखी जाळी हे काम नीट झाल्याचं लक्षण. ती पडते लोणी आणि साखर फेटताना. साखरेचे कण लोण्यात हवा कोंडत जातात, आणि पुढे बेकिंग पावडर त्याच बुडबुड्यांना फुगवते. नवे बुडबुडे करणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यामुळे फेटण्यात केलेली कसूर पावडर वाढवून भरून निघत नाही. लोणी साधारण 18 ते 20 अंश सेल्सिअसला असावं लागतं. त्याहून गार असलं तर हवा शिरत नाही, फार मऊ झालं तर शिरलेली टिकत नाही. मग मैदा घातल्यावर नेमकं उलट वागायचं असतं, हात आवरायचा. मैदा गेल्यावरही यंत्र चालूच ठेवलं तर ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं लवचीक जाळं, तयार होतं, केक चिवट होतो आणि आत वरच्या दिशेने जाणारे लांबट बोगदे दिसतात. मी फोडलेल्या कपकेकमध्ये असे बोगदे होते. वर फ्रॉस्टिंगचा सुबक गुलाब आणि खाली बोगदे.

त्यापुढची गोष्ट भाजण्याची. केकच्या आतलं तापमान 93 ते 99 अंशांच्या दरम्यान पोचलं की तो तयार. मोठ्या केकमध्ये दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मधला भाग सांभाळून घेतो. कपकेकचं तसं नाही. तो लहान असतो, आकाराच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ओलावा चटकन उडतो. 175 अंशांच्या ओव्हनमध्ये नेहमीच्या आकाराचा कपकेक जेमतेम वीस मिनिटांचा धनी. त्यात तीन मिनिटं जास्त झाली की कडा आणि तळ गेलेच. म्हणून मी पहिला घास तळाच्या कडेचा घेते, कागदाला लागून असतो तो. मधला भाग कुणालाही मऊ ठेवता येतो. कागद सोलताना काय होतं तेही बघावं. सोबत केकचा जाड थर निघून आला तर कागद साधा असेल किंवा केकमध्ये स्निग्धांश कमी असेल. कागद आपोआपच सुटून बाजूला झाला असेल, तर बऱ्याचदा केक गरम असतानाच डब्यात कोंडला गेलेला असतो.

फ्रीजबद्दल. कपकेक मी दुकानातच खाल्ला, पण तो दुकानाच्याच थंड काचेच्या कपाटातून आला होता, म्हणजे तुमचा संशय अगदी हवेतला नाही. गार कपकेक घट्ट लागतो, कारण त्यातलं लोणी गोठलेलं असतं. तेलाचा केक फ्रीजमधूनही मऊ निघतो, लोण्याचा निघत नाही. त्याशिवाय मैद्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो आणि पदार्थ शिळा लागायला लागतो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडं वर, म्हणजे फ्रीजच्याच तापमानाला, सगळ्यात वेगाने होते. केकमधली साखर आणि लोणी तिला आवर घालतात, त्यामुळे पावाइतकी घाई दिसत नाही, पण ती थांबत नाही. म्हणून मी तो कपकेक टेबलावर ठेवून दिला, गारवा जाईपर्यंत हात लावला नाही. लोण्याचा घट्टपणा असा बसून राहिल्यावर जातो. जास्त भाजल्याचा कोरडेपणा तासाभराने काय, संध्याकाळपर्यंतही जात नाही. आमच्या टेबलावर तो गेला नाही, एवढंच मी लिहिलं होतं.

आणि खरं तर हा प्रश्न तुम्ही बेकरीला विचारायला हवा होता. फ्रॉस्टिंगचा आकार टिकावा म्हणून कपकेक थंड कपाटात ठेवायचे, तर ‘थोडा वेळ बाहेर ठेवून खा’ हे देताना सांगायला काय हरकत आहे? डब्यावर एक ओळ छापली तरी पुरे. कुणीही काही सांगितलं नाही. लोक दाराबाहेर पडतात, फोटो काढतात आणि गारच खातात.

फ्रॉस्टिंगवर मी फार कठोर झाले असं तुम्ही म्हणता. उलट मी हात राखून लिहिलं होतं. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं, तोंडातलं तापमान 37 च्या आसपास. म्हणून लोण्याचं बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेलं फ्रॉस्टिंग, जिभेवर विरघळून जातं. वनस्पती तेलापासून केलेली काही शॉर्टनिंगं, म्हणजे डालड्यासारखे घट्ट स्निग्ध पदार्थ, त्याहून वरच्या तापमानाला वितळतात, आणि मग टाळूला मेणासारखा तवंग बसतो, पाणी प्यायलं तरी हटत नाही. उकाड्यात नक्षी उभी राहावी म्हणून शॉर्टनिंग वापरणं समजण्यासारखं आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण पाटीवर ‘बटरक्रीम’ लिहायचं आणि टाळूवर मेण ठेवायचं, हे मला पटत नाही.

गोडाबद्दल तुमचं म्हणणं की कपकेक गोडच असतो. असतोच. साध्या अमेरिकन बटरक्रीममध्ये लोण्याच्या दुप्पट वजनाची पिठीसाखर सर्रास असते, आणि विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्चही असतो. नीट फेटलं तर ते रेशमी होतं, घाई केली तर दाताखाली कण लागतात. स्विस पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक आणि साखर वाफेवर साधारण 70 अंशांपर्यंत तापवून फेटतात आणि लोणी नंतर घालतात. ते कमी गोड आणि हलकं लागतं, मेहनत जास्त. बेकरीने स्विसच करावं असा माझा हट्ट नाही. अमेरिकन करा, पण कण लागू देऊ नका आणि केकच्या निम्म्या उंचीचा थर पुरे. त्यांच्याकडे केक आणि फ्रॉस्टिंग उंचीला जवळजवळ सारखेच होते, म्हणजे प्रत्येक घासाला आधी साखर आणि मग, नशिबात असला तर, केक.

व्हॅनिला मी मुद्दाम निवडला. त्यात लपायला जागा नसते. कोको असला की कडवटपणात बरंच काही खपून जातं, आणि तुमच्या सॉल्टेड कॅरमलच्या पोटात तर सॉस भरलेला असतो. कोरड्या केकच्या मध्यभागी सॉस ओतला की पहिले दोन घास ओलसर लागणारच. मीठ गोडाची धार बोथट करतं, कॅरमलचा खमंगपणा बाकीचं सांभाळून घेतो. तो कपकेक चविष्ट असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण सॉस न लागलेली कड चाखल्याशिवाय खालचा केक चांगला आहे असं म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट बेकरीच्या बाजूने. कृत्रिम व्हॅनिला वापरल्याबद्दल काही वाचकांनी त्यांना धारेवर धरलं होतं. मी धरणार नाही. व्हॅनिलाचा मुख्य वास ज्याचा असतो ते व्हॅनिलिन 1874 सालापासून कारखान्यात बनतं, आणि भाजलेल्या स्पंजमध्ये खऱ्या व्हॅनिलाचे बरेचसे नाजूक वास उष्णतेनेच उडून जातात. फरक कळतो तो न भाजलेल्या फ्रॉस्टिंगमध्ये. महागडा व्हॅनिला तिथे घालावा.

राहिली रांग. रांगेतली माणसं वेडी नाहीत, ती फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मॅग्नोलिया बेकरी 1996 मध्ये उघडली. 2000 साली एका टीव्ही मालिकेत दोन मैत्रिणी तिच्या दाराशी बसून कपकेक खाताना दिसल्या आणि तिथे पर्यटकांच्या रांगा लागल्या. त्या प्रसंगाच्या आदल्या आणि नंतरच्या आठवड्यात केकचं पीठ वेगळं मळलं नव्हतं. उलट बाजूही आहे. त्याच शहरातून वाढलेली क्रम्ब्स ही कपकेकची साखळी 2011 मध्ये शेअर बाजारात गेली आणि जुलै 2014 मध्ये तिला आपली सगळी दुकानं बंद करावी लागली. लाट आली तेव्हा दुकानं वाढली, ओसरली तेव्हा बुडाली. गर्दी कशाची लाट आहे ते सांगते. जाळी, तळ आणि टाळू यांबद्दल ती काही बोलत नाही.

लहान धंद्याचं नुकसान होतं म्हणून गप्प बसावं, हे मला मान्य नाही. दुकानाचं नाव मी तेव्हाही घेतलं नव्हतं.

तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा एक व्हॅनिला आणि एक सॉल्टेड कॅरमल घ्या. दोन्हींचा गारवा जाऊ द्या, दोन्ही उभे फोडा, आणि वरचं फ्रॉस्टिंग बाजूला करून कागदालगतची कड आधी खा. मग इथेच लिहा. कॅरमलवाल्याची कड मऊ निघाली, तर त्यांच्या व्हॅनिलाचंच असं का होतं हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर मला खरंच हवं आहे. माझा अंदाज असा की व्हॅनिलाचा ट्रे ओव्हनच्या मागच्या, जास्त तापणाऱ्या बाजूला जात असावा.