ताऱ्यांची वर्तुळं सॉफ्टवेअर काढत नाही

‘डिजिटल कॅमेऱ्यातले ताऱ्यांच्या वर्तुळांचे फोटो बनावट असतात. पूर्ण वर्तुळाला २४ तास लागतात, रात्र तेवढी नसतेच. खरा फोटो फिल्मवर, शटर रात्रभर एकदाच उघडून निघतो. डिजिटलवाले शंभर-दोनशे फोटो चिकटवून चित्र बनवतात.’ असा मजकूर सध्या बराच फिरतोय. रात्री जागून हे फोटो काढणाऱ्यांना त्यात सरळ खोटं ठरवलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

२४ तासांचं म्हणणं जवळपास बरोबर आहे (नेमके २३ तास ५६ मिनिटं), पण निष्कर्ष चुकलाय. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. चार तासांत प्रत्येक तारा ६० अंशांचा कंस काढतो, वर्तुळ नाही. एकाचा कंस संपतो तिथे किंचित आतल्या-बाहेरच्या दुसऱ्याचा चालू असतो, आणि असे शेकडो कंस मिळून लांबून पूर्ण कडं दिसतं. फोटो मोठा करा, एक ठळक रेघ धरा, तिची दोन्ही टोकं शोधा. सापडतात. ध्रुवताराही नेमक्या ध्रुवावर, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं तिथे, नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. त्याचाही इवलासा कंस उमटतो.

एकच फोटो सॉफ्टवेअरमध्ये गोल फिरवून केलेली चित्रं असतात, हे मान्य. ती खोटीच. पण ती ओळखता येतात. वाइड लेन्स पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे लावली, तर खगोलीय विषुववृत्तापाशी (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) रेघा जवळजवळ सरळ होतात आणि त्याच्या दोन बाजूंना एकमेकींच्या उलट वाकतात. सपाट चित्र कितीही फिरवलं तरी असं होत नाही.

आता फिल्म आणि ‘एकच शटर’. तारा सरकत असतो, त्यामुळे एका पिक्सेलवर त्याचा प्रकाश काही सेकंदच पडतो. रेघ किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) आणि आयएसओवर (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) ठरतं. शटर तासभर जास्त ठेवलं तर ती लांबते, उजळत नाही. आकाशाचा उजेड मात्र त्याच पिक्सेलवर साचत राहतो आणि शेवटी रेघाच गिळतो. म्हणून ३० सेकंदांच्या १२० फ्रेम सलग घ्यायच्या आणि जोडताना प्रत्येक पिक्सेलच्या जागी सगळ्या फ्रेममधली सर्वांत उजळ नोंद ठेवायची. रेघ तासाभराची मिळते, आकाश ३० सेकंदांएवढंच काळं राहतं. यात कुठेही नवा प्रकाश घातलेला नाही. मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याची रेघ तांबूस आणि राजन्य ताऱ्याची निळसर दिसते, तीही फ्रेममध्ये तशी नोंदलेली असते म्हणूनच. उलट शटर बराच वेळ उघडं राहिलं की फिल्मच प्रकाश टिपण्यात हळूहळू मंदावते, हे तिच्यावर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

‘चिकटवणं’ म्हणजे काय, ते माझ्याच एका फसलेल्या रात्रीत दिसतं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन (लांब फोटोतले खोटे ठिपके काढणारी सोय) चालू राहिलं होतं. प्रत्येक ३० सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंद काळी फ्रेम घेत होता. तेवढ्यात विषुववृत्ताजवळचा तारा पूर्ण चंद्राच्या पाव रुंदीइतका सरकतो. फ्रेम जोडल्या तेव्हा सगळ्या रेघा तुटक आल्या: एक तुकडा, तेवढीच मोकळी जागा, पुन्हा तुकडा. जे कॅमेऱ्याने पाहिलं नव्हतं, ते सॉफ्टवेअरने भरलं नाही.