पत्राला पत्रच म्हणा!

डिजिटलवाल्यांनी जुन्या वस्तूंना काय काय नावं ठेवलीत! पत्र म्हणजे ‘स्नेल मेल’, गोगलगायीची डाक. छापील वर्तमानपत्र म्हणजे ‘डेड ट्री एडिशन’, मेलेल्या झाडाची आवृत्ती. समोरासमोर भेटलं की ‘मीटस्पेस’, मांसाचं जग! शी! वही, काट्यांचं घड्याळ, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एका दमात ‘ॲनालॉग’, म्हणजे डिजिटल नसलेलं, जुनाट. आणि वापरणारा ‘बूमर’. अहो, बूमर म्हणजे १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेली पिढी. वही वापरली म्हणून तिशीतला माणूस बूमर कसा होतो?

वडिलांचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. निळी शाई, घडीवर विरत चाललेला कागद. सही करताना पेन इतकं दाबलंय की मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. ही गोगलगाय? तुमचे दहा वर्षांपूर्वीचे मेसेज दाखवा बरं. गेले ना जुन्या फोनबरोबर? १.४४ एमबीची फ्लॉपी, म्हणजे संगणकाची जुनी चकती, वाचायला आज यंत्र शोधत फिरावं लागतं. कागदाला नुसता उजेड पुरतो.

नवं वापरा, खुशाल वापरा. पण जे आजही चालतंय त्याला कशाला नावं ठेवता? माझ्या पत्राला पत्रच म्हणा.