स्कॉलरशिप मिळू नये म्हणून घ्यायची काळजी

परदेशात ग्रॅज्युएशन करायचंय आणि तेही दुसऱ्याच्या पैशाने, असं ठरलं की लगेच ‘टॉप ५० फुल्ली फंडेड स्कॉलरशिप्स’ची यादी डाउनलोड करून टाका. वाचायची नाही हं, फक्त सेव्ह करायची, आईला फॉरवर्ड करायची म्हणजे तिला वाटतं पोरगं कामाला लागलं, आणि मग टेलिग्रामवर तीन-चार ग्रुप जॉईन करायचे जिथे तीच यादी दर आठवड्याला नवीन इमोजी लावून येते. वाचायची का नाही, तर वाचलीत की लक्षात येईल की ऱ्होड्स, चीव्हनिंग, गेट्स केंब्रिज, इरास्मस मुंडस ही जी वजनदार नावं वर बसलीयत ती जवळजवळ सगळी पदवी हातात असलेल्यांसाठी आहेत. चीव्हनिंग तर एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे आणि त्याला २,८०० तास कामाचा अनुभव लागतो. तुम्ही अजून शाळेत, तुमचा अनुभव म्हणजे गॅदरिंगला खुर्च्या लावल्या तो. पण म्हणून खचून जायचं नाही, फॉर्म उघडा, अर्धा भरा, कुठल्या युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतली या रकान्यापाशी अडकलात की सिस्टीमला शिव्या घाला आणि झोपा. दिवस सत्कारणी लागला.

एका ठिकाणी मात्र चुकूनही जायचं नाही, ते म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या वेबसाईटवरचं फायनान्शियल एडचं, म्हणजे आर्थिक मदतीचं, पान. अत्यंत कंटाळवाणं पान असतं ते. हसणारी पोरं नाहीत, हवेत उडवलेल्या टोप्या नाहीत, नुसता बारीक अक्षरातला मजकूर. आता दुर्दैव असं की पदवीच्या पोरांना मिळणारा मोठा पैसा बहुतेक वेळा तिथेच असतो, ॲडमिशनलाच बांधलेला, वेगळं भारदस्त नाव न लावता. तिथे गेलात तर ‘नीड-ब्लाइंड’ आणि ‘नीड-अवेअर’ असले शब्द भेटतील. नीड-ब्लाइंड म्हणजे घ्यायचं की नाही हे ठरवताना तुमच्या घरात पैसा आहे का हे ते बघत नाहीत, नीड-अवेअर म्हणजे बघतात. बाहेरच्या देशातल्या पोरांनाही नीड-ब्लाइंडचा नियम लावणारी अमेरिकन कॉलेजं मोजकीच, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन वगैरे. आणि घेतलंच तर घराची ऐपत काढून उरलेला सगळा खर्च ती उचलतात. असली माहिती डोक्यात गेली की उगाच प्लॅन बनवावासा वाटतो, म्हणून टाळा.

त्यापेक्षा नातेवाईकांना सांगत सुटा की मला हार्वर्डची मेरिट स्कॉलरशिप मिळणारे. हार्वर्ड मार्कांवर, खेळावर, कशावरच स्कॉलरशिप देत नाही, फक्त गरज बघून देतं, अख्ख्या आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन असल्या आठ नामांकित अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या गटाचं, तसंच आहे. पण हे नातेवाईकांना कुठे माहितीये, आणि तुम्हालाही नव्हतंच ना? शिवाय हार्वर्ड शंभरात जेमतेम चार जणांना घेतं. तेव्हा अर्ज फक्त तिथेच करा. बाकीची शेकडो कॉलेजं, जी नीड-अवेअर आहेत पण ज्यांना तुमच्यासारखं कोणीतरी खरंच हवं असू शकतं, त्यांची नावं कोणी ऐकलेली नसतात, मग जाऊन उपयोग काय.

तरी कोणा नीड-अवेअर कॉलेजला अर्ज करायची वेळ आलीच तर माझ्याकडे एक जबरी आयडिया आहे. फॉर्मवर विचारतात की आर्थिक मदत हवीये का, तिथे ‘नाही’ टिक करायचं. चान्स वाढतो! एकदा आत शिरलो की मग हळूच मागू, माणसंच आहेत ती, पाघळतील. बऱ्याच कॉलेजांचा नियम असा असतो की परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही, पण नियम कुठे लिहिलेला असतो, त्या कंटाळवाण्या पानावर. जिथे आपण जाणार नाही असं ठरलंय.

वेळेचं बोलायचं तर ‘आधी ॲडमिशन होऊ दे, मग पैशाचं बघू’ हे वाक्य पाठ करून ठेवा. ऐकायला किती समंजस वाटतं. या एका वाक्याने जेवढ्या स्कॉलरशिप्स घालवल्यात तेवढ्या कमी मार्कांनी घालवल्या नसतील असं माझं ठाम मत आहे. टोरांटो युनिव्हर्सिटीची लेस्टर बी. पीअर्सन स्कॉलरशिप घ्या, फी, पुस्तकं, चार वर्षं राहणं सगळं त्यात येतं, दरवर्षी साधारण ३७ जणांना मिळते, पण त्यासाठी आधी तुमच्या शाळेने तुमचं नाव सुचवावं लागतं आणि एक शाळा एकच नाव देऊ शकते. म्हणजे ॲडमिशनचा निकाल लागायच्या कितीतरी आधी कोणीतरी मुख्याध्यापकांना जाऊन भेटलेलं असतं. तुम्ही भेटू नका, तुमच्याच वर्गातल्या त्या दुसऱ्या मुलीला भेटू दे, ती गेल्या वर्षीच भेटून आलीये म्हणा. सरकारी योजनांचंही तेच. हंगेरीची स्टायपेंडियम हंगेरिकम आणि तुर्कस्तानची त्युर्किये बुर्सलरी या दोन्हींच्या तारखा वर्षाच्या अगदी सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीत येऊन जातात. तुम्ही मे महिन्यात निवांत उठा आणि ग्रुपवर टाका, ‘एनी स्कॉलरशिप्स स्टिल ओपन?’

तसंही हंगेरी आणि तुर्कस्तानला कोण जातंय. फोटो टाकल्यावर लोकांनी ओळखायला हवं ना शहर. जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप आहे, पदवीच्या पोरांना फी माफ, जायचं-यायचं विमानाचं तिकीट, दरमहा १,१७,००० येन, पण त्यांची अट काय तर आधी एक वर्ष जपानी शिका मग चार वर्षं डिग्री. कोरिया सरकारचंही असंच, आधी वर्षभर भाषा. बघा, म्हणजे पैसे देतात ते देतात आणि वर भाषा पण शिकवतात, केवढा हा त्रास. आपल्याला असा देश हवा जिथे पैसे मिळतील, इंग्रजी चालेल, शहर फेमस असेल आणि नंतर नोकरीही तिथेच लागेल, आणि असा देश सापडेपर्यंत आपण बाकी कुठेही अर्ज करायचा नाही, बाणा म्हणजे बाणा.

कोणी म्हणालं की जर्मनीत शिक्षण फुकट आहे तर तेवढंच ऐका आणि पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत उठून जा. कारण पुढचं वाक्य असं असतं की बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, २०२४ पासून ११,९०४ युरो. आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी सुरू केलीये. नॉर्वे फुकट म्हणणारे काका तर अजून भेटतात. तिथे २०२३ पासून बाहेरच्यांना फी लागू झाली, स्वीडनमध्ये २०११ पासूनच आहे. काकांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

आता आकडे. ‘तुम्हाला वीस हजार डॉलरची प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप मिळाली आहे’ असं पत्र आलं की ते फ्रेम करा. त्या कॉलेजचा वर्षाचा खर्च साठ हजार असेल तर उरलेले चाळीस कोण देणार असले नतद्रष्ट प्रश्न विचारायचे नाहीत. आधी किंमत चढवून मग सूट देणं ही दुकानदारी आहे असं काही कुजके लोक म्हणतात, मी त्यातलाच एक. एजंट तुम्हाला नेमक्या याच कॉलेजांची नावं सुचवेल, कारण बऱ्याचदा त्याला कमिशन तिकडूनच मिळतं, आणि कन्सल्टेशन फ्री का आहे हे कोडं तुम्हाला कधीच पडता कामा नये. ‘फुल राइड’, म्हणजे फीसकट राहण्या-खाण्याचाही खर्च देणारी स्कॉलरशिप, मिळालीच तर ती पूर्ण फुकट असते असंही समजा. अमेरिकेत राहण्या-खाण्यासाठी दिलेल्या भागावर परदेशी विद्यार्थ्यांचा टॅक्स कापू शकतात, स्टुडंट व्हिसावर सहसा १४ टक्के, पण हे तिथे गेल्यावर कळू द्या, सरप्राईज हवंच ना आयुष्यात.

ज्या स्कॉलरशिपला तुम्ही अर्जच केला नव्हता ती मिळाल्याचा ईमेल आला तर आनंद माना. प्रोसेसिंग फी मागितली तर ताबडतोब भरा. मेक्स्ट, चीव्हनिंग, त्युर्किये बुर्सलरी अर्जाला एक पैसा घेत नाहीत, म्हणजे नक्कीच काहीतरी हलक्या दर्जाच्या असणार.

निबंधाचं फार मनावर घेऊ नका. ‘लहानपणापासून मला जग बदलायची आवड होती’ इथून सुरू करायचं, मध्ये एक अनाथाश्रमाची भेट, शेवटी नेता बनण्याचं स्वप्न, आणि हाच निबंध सगळीकडे पाठवायचा, फक्त युनिव्हर्सिटीचं नाव बदलायचं. एका ठिकाणी जुनंच नाव राहू दिलंत तर त्याला पर्सनल टच येतो. शिफारसपत्रासाठी सरांना डेडलाईनच्या आदल्या रात्री साडेअकराला मेसेज करा. सर बिचारे लिहितील, ‘हा विद्यार्थी नियमित, मेहनती आणि नम्र आहे’, म्हणजे तुमच्या जागी कोणीही असतं तरी चाललं असतं असं पत्र. घराच्या उत्पन्नाचे कागद सीएसएस प्रोफाईलला, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजं आर्थिक मदतीसाठी भरून घेतात त्या ऑनलाइन फॉर्मला, लागतात ते तर बाबांकडे मागूच नका, बाबांना त्यांचा पगार विचारणं आपल्यात बसत नाही, मग भले फॉर्म रिकामा गेला तरी चालेल.

एवढी काळजी घेऊनही कुठून तरी खरी ऑफर आली आणि पैसे थोडेच कमी पडत असतील तर तोंड गप्प ठेवा. परिस्थिती बदलली असेल, म्हणजे कोणाची नोकरी गेली, आजारपण आलं, तर कागद जोडून फेरविचाराची विनंती करायची सोय अनेक कॉलेजांत असते आणि काही वेळा रक्कम वाढतेही. पण एवढं सभ्य, मुद्देसूद पत्र लिहिणं आपल्याला शोभत नाही. ती एनर्जी वाचवा आणि ज्या युनिव्हर्सिटीत आपण अर्जसुद्धा केला नाही तिथल्या प्रोफेसरांना, शक्यतो निवृत्त झालेल्या, रात्री दोन वाजता मेल टाका: रिस्पेक्टेड मॅडम ऑर सर, आय नीड फुल स्कॉलरशिप, प्लीज रिप्लाय फास्ट.